फिशटँक हलवताना हात जपा

घर बदलताना फिशटँक रिकामा करायचा, तर हात कोपरापर्यंत पाण्यात जातात. फिल्टरमधला स्पंज जुन्या पाण्यात ओलाच न्यावा लागतो. त्यावरचे जिवाणू माशांच्या अंगातून निघणारा विषारी अमोनिया पचवतात. नळाखाली तो लख्ख धुतला, तर नव्या घरी मासे दगावू शकतात.

त्याच पाण्यात क्षयरोगाच्या जंतूचा एक भाऊबंदही असू शकतो: मायकोबॅक्टेरियम मरिनम. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत तो प्रथम सापडला. त्याचा संसर्ग क्वचितच होतो. पण बोटाला खरचटलेले असेल तर तो आत शिरतो आणि साधारण २ ते ४ आठवड्यांनी, सामान लावून झाल्यावर, तिथे लालसर-जांभळी गाठ येते. कधी गाठींची रांगच दंडाकडे चढते. ३० अंशांच्या आसपासचे तापमान त्याला मानवते. ३७ अंशांवरच्या नेहमीच्या कल्चरमध्ये तो निसटू शकतो. मग मलमे बदलत बसावे लागते. खरी औषधे काही महिने घ्यावी लागतात.

हाताला जखम असेल, तर लांब रबरी हातमोजे घालावेत. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. गाठ आलीच, तर डॉक्टरांना टँकबद्दल आपणहून सांगावे. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.