गर्दी यायच्या आधी गर्दी करून पाहा

दुकान ऑनलाइन : लेखांक ७

६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने पहिला 'बिग बिलियन डे' केला आणि साइट बसली. कुणाला पानच उघडेना, कुणी पैसे भरेपर्यंत वस्तू संपली, कुणाची ऑर्डर घेतल्यावर रद्द झाली. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी नंतर ग्राहकांना माफीची ईमेल पाठवली. सुमारे ५,००० सर्व्हर लावले होते, ट्रॅफिक वीसपट होईल असं धरून तयारी केली होती, तरी गर्दी त्याहून जास्त आली, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं.

मागच्या लेखांकात आपण होस्टिंगचा प्लॅन कसा निवडायचा ते पाहिलं. मोठा प्लॅन घेतला की निर्धास्त झालो असं वाटणं साहजिक आहे. पण आपली साइट किती गर्दी पेलते ते प्लॅनच्या नावावरून कळत नाही. ते मोजावं लागतं, आणि मोजायचं म्हणजे खोटी गर्दी करून पाहायची. याला लोड टेस्टिंग म्हणतात. माझं ठाम मत आहे की सणासुदीला ऑनलाइन माल विकणाऱ्या छोट्यातल्या छोट्या व्यावसायिकानेही ते केलंच पाहिजे. मोठ्या कंपनीचा एक दिवस वाया गेला तर ती उभी राहते. दिवाळीच्या फराळावर ज्याचं वर्षाचं गणित आहे, त्याचा तोच दिवस बुडाला तर वर्ष बुडतं.

म्हणून उदाहरण फराळाचंच घेऊ. पुण्यातला एक घरगुती व्यवसाय आहे, चकली, करंजी, अनारसे कुरिअरने देशात आणि परदेशात पाठवतो. साइट वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर आहे. समजा, गेल्या वर्षी सगळ्यात गर्दीच्या तासात १,५०० लोक आले होते. यंदा जाहिरात जास्त आहे, म्हणून तिप्पट धरू : तासाला ४,५००. मग ४,५०० लोकांची चाचणी करायची का? नाही. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम इथे कामाला येतो : एका वेळी आत असलेले लोक म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ. तासाला ४,५०० म्हणजे मिनिटाला ७५. प्रत्येक जण सरासरी चार मिनिटं थांबत असेल, तर एका वेळी साइटवर ३०० जण असतात. चाचणीची सुरुवात या आकड्यापासून करायची. मात्र तासाची सरासरी फसवी असते. इन्स्टाग्रामवर रील पडलं की तासाभराचे लोक दहा मिनिटांत येतात, त्यामुळे ३०० वर न थांबता पुढे जायचं.

आता हे ३०० जण करतात काय? बरेचदा चाचणी म्हणजे होमपेजवर मारा, असं धरलं जातं. होमपेज कॅशमधून येतं, म्हणजे एकदा तयार झालेलं पान सगळ्यांना तसंच दिलं जातं. त्यामुळे आकडे छान दिसतात आणि मालक खूश होतो. पण ग्राहकाने चकलीचं पाकीट कार्टमध्ये टाकलं की कॅशचा उपयोग संपतो. कार्ट प्रत्येकाची वेगळी. तिथून पुढे शिल्लक माल, पिनकोडप्रमाणे कुरिअरचा दर, कूपन, कर हे सगळं प्रत्येक वेळी नव्याने काढावं लागतं, आणि ते काम पीएचपी आणि डेटाबेस करतात.

साइट इथेच मोडते. पीएचपी चालवणाऱ्या एफपीएम या प्रोग्रामच्या मूळ कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एका वेळी काम करणाऱ्या प्रोसेसची मर्यादा ५ असते. कुणी ती बदलली नसेल, तर ३२ जीबीच्या सर्व्हरवरही एका वेळी पाचच कामं होतात. कार्टच्या एका कामाला अर्धा सेकंद लागत असेल, तर सेकंदाला जास्तीत जास्त दहा. आपल्या हिशेबात मिनिटाला ७५ जण येतात आणि प्रत्येक जण समजा अशी सहा पानं उघडतो : मिनिटाला ४५०, सेकंदाला साडेसात. त्यावर प्रत्येक पानामागे एखादी जादा विनंती परस्पर जात असेल, तर पंधरा. दहाची कुवत आणि पंधराची मागणी. सर्व्हरची निम्मी मेमरी रिकामी असतानाही साइट बसते. ती मर्यादा वाढवली की पुढची भिंत येते : मायएसक्यूएल डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये एका वेळी १५१ कनेक्शन घेतो. लोड टेस्टिंगने अशा भिंती एकेक करून सापडतात, आणि हा त्याचा सगळ्यात मोठा उपयोग आहे.

भिंतीला धडकायच्या आधीच साइट रेंगाळू लागते, त्याचंही गणित आहे. बँकेतल्या एकाच काउंटरचा विचार करा. कॅशियर निम्मा वेळ कामात असेल, तर रांगेसकट आपला वेळ कामाच्या दुप्पट होतो. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. लोक जसे वाटेल तेव्हा येतात तसे येत असतील, तर रांगेचं शास्त्र हेच सांगतं. सर्व्हरमध्ये काउंटर अनेक असतात, त्यामुळे आकडे सौम्य होतात, पण वळण तसंच राहतं : बराच वेळ काही जाणवत नाही आणि मग अचानक सगळं थांबतं. "काल तर चांगली चालत होती" हे वाक्य म्हणूनच ऐकू येतं. काल ७० टक्के होते, आज ९५ झाले.

निकाल वाचताना सरासरीवर विसंबू नका. सरासरी एक सेकंद दिसत असताना शंभरातल्या पाच जणांना दहा-दहा सेकंद लागत असू शकतात, आणि ते पाच जण बहुधा कार्ट भरून पैसे भरायला आलेले असतात. म्हणून ९९ वा पर्सेंटाइल विचारा : शंभरातल्या ९९ जणांचं काम किती वेळात झालं?

चाचणीत माणसाचं वागणं उतरवायचं म्हणजे काय, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण क्रिकेटचं आहे. १० जुलै २०१९, मँचेस्टर, भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना. हॉटस्टारवर एका वेळी २.५३ कोटी लोक सामना पाहत होते, तेव्हाचा तो विक्रम. गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी धावबाद झाला आणि लोक निघाले. गर्दी ओसरली की सर्व्हरला हायसं वाटायला हवं, असं कुणालाही वाटेल. पण हॉटस्टारच्या इंजिनिअरांनी नंतर जाहीर भाषणांत उलगडून सांगितलं की धोका तिथेच होता. सामना बंद करताना लोक 'बॅक' दाबतात आणि होमपेजवर येतात. व्हिडिओ ठिकठिकाणच्या कॅश सर्व्हरवरून जात असतो, पण होमपेज प्रत्येकाच्या आवडीनुसार बनवायचं असतं. इतके लोक एकदम तिकडे वळले की पार्श्वभूमीत शांत असलेल्या यंत्रणेवर लाट येते. तिथे हे आधीच हेरलेलं होतं. हजारो भाड्याच्या मशीनवरून खोटे प्रेक्षक सोडून त्यांनी अशा लाटांचा सराव केला होता, आणि वेळ पडली तर शिफारशींसारख्या बिनमहत्त्वाच्या सेवा बंद करायची सोयही ठेवली होती.

फराळाच्या साइटवरही अशा सवयी आहेत. पान उघडलं नाही की माणूस रिफ्रेश करत राहतो, म्हणजे साइट अडखळली की मागणी आणखी वाढते. अमेरिकेतले ग्राहक कामावरून घरी येऊन ऑर्डर देतात. न्यू जर्सीत दिवाळीच्या आधीच्या दिवसांत संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे तीन असतात, आणि पहाटे तीनलाच बॅकअप लावून ठेवलेला असतो. चाचणी बॅकअप चालू असतानाही एकदा घ्या.

साधनं फुकट मिळतात. अपाचे जेमीटर १९९८ पासून आहे. लोकस्ट आणि के-सिक्स नवी आहेत, थोडं कोडिंग येत असेल तर ती सोपी जातात. जेमीटरच्या खिडकीत चाचणी फक्त रचायची, प्रत्यक्ष मोठी चाचणी कमांड लाइनवरून चालवायची, नाहीतर ती खिडकीच मशीनचा वेळ खाते. खोट्या ग्राहकांना दोन क्लिकच्या मध्ये थांबायला लावा, माणूस वाचतो, विचार करतो. ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून मारा केलात तर ब्रॉडबँडचीच परीक्षा होईल, म्हणून क्लाउडवर एखादं मशीन तासाच्या भाड्याने घ्या. होस्टिंग कंपनीला आधी लेखी कळवा, नाहीतर हल्ला समजून ती खातं बंद करू शकते. पेमेंट गेटवे टेस्ट मोडवर ठेवा, एसएमएस आणि व्हॉट्सॲपचे मेसेज बंद करा.

चाचणी साइटच्या प्रतीवर करावी हे खरं, पण त्या प्रतीत दहा पदार्थ आणि चार ऑर्डरी ठेवू नका. चार वर्षांच्या ऑर्डरींसकट पूर्ण डेटाबेस तिथे न्या, फक्त ग्राहकांची नावं, फोन नंबर बदलून. डेटा भरला की जे काम रांगायला लागतं, ते रिकाम्या प्रतीवर पळताना दिसतं.

आणि साइट मोडेपर्यंत थांबू नका. मोडली की दोन गोष्टी पाहा. खोटी गर्दी काढून घेतल्यावर ती आपली आपण उठते का, की कुणालातरी सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो? आणि हिशेब जुळतो का? अनारशांचे ५० डबे शिल्लक ठेवून चाचणी केली आणि ५३ ऑर्डरी पक्क्या झाल्या, तर वेग कितीही चांगला असो, ती चाचणी नापास. तीन घरांचे पैसे घेऊन त्यांना फराळ न पाठवणं हे साइट बसण्याहून वाईट आहे.

परदेशी पार्सलांच्या ऑर्डरी दिवाळीच्या कितीतरी आधी सुरू होतात, तेव्हा ही चाचणी गणपतीच्या सुमारास उरका. त्यानंतर नवी थीम किंवा प्लगइन टाकलंत तर जुना निकाल धरू नका, पुन्हा चाचणी घ्या. पुढच्या लेखांकात कॅशकडे वळू : काय साठवायचं आणि कशाला हात लावायचा नाही. तोवर तुमच्या होस्टिंगवाल्याला फोन करा आणि एफपीएमची मर्यादा किती ठेवली आहे ते विचारून घ्या.