तळपायावरचा काळा डाग अंगावर काढू नका : त्वचेच्या गाठीचे निदान प्रयोगशाळेत कसे होते?

बॉब मार्लेची गाणी आपल्यातल्या अनेक तरुणांच्या मोबाईलमध्ये असतात, त्याचा चेहरा टी-शर्टवर असतो. जमैकाचा हा गायक ११ मे १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी गेला. त्याच्या पायाच्या अंगठ्याला इजा झाली होती. फुटबॉल खेळताना लागले असेल, असाच समज होता. १९७७ मध्ये तपासणी झाली तेव्हा कळले, की अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा आहे, म्हणजे त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग. पुढे तो मेंदूपर्यंत पोहोचला.

त्वचेचा कर्करोग हा उन्हात पडून राहणाऱ्या गोऱ्या लोकांचा आजार, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. काही डॉक्टरांच्याही मनात हाच समज असतो. म्हणूनच सावळ्या आणि काळ्या माणसाच्या तळव्यावरचा डाग महिनोन् महिने कुरूप, चामखीळ किंवा न भरणारी जखम म्हणून दुर्लक्षित राहतो. या आजाराचे निदान नेमके कसे होते आणि आपण कुठे चुकतो, हे समजून घेऊ.

रंग वेगळा, पेशी सारख्याच

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलानोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. त्या मेलानिन हे रंगद्रव्य तयार करतात. गोऱ्या आणि काळ्या माणसाच्या त्वचेत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्यांनी बनवलेल्या रंगद्रव्याच्या प्रमाणात आणि प्रकारात. रंगावरून माणसाची प्रत ठरवणाऱ्यांनी हे सूक्ष्मदर्शकातून एकदा पाहायला हवे.

जास्त मेलानिन उन्हातील अतिनील किरणांपासून संरक्षण देते. त्यामुळे गोऱ्या लोकांत मेलानोमाचे एकूण प्रमाण कितीतरी जास्त आहे, हे खरे. पण तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा इथे होणाऱ्या मेलानोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. त्याला अ‍ॅक्रल मेलानोमा म्हणतात. तो दुर्मीळ आहे, पण गडद त्वचेच्या लोकांना जे मेलानोमा होतात त्यांत याचा वाटा मोठा असतो. म्हणजे आपण जिथे सहसा पाहतच नाही, तिथेच तो लपतो.

कोणत्या खुणा ओळखायच्या?

तीळ दोन्ही बाजूंनी सारखा नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, रंग अनेक छटांचा असणे, आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा असणे आणि तो बदलत राहणे, या पाच खुणा सर्वत्र सांगितल्या जातात. त्या उपयोगी आहेत, पण प्रामुख्याने गोऱ्या त्वचेवरील निरीक्षणांतून आलेल्या आहेत. तळवा आणि नख यांसाठी आणखी काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात :

– तळव्यावर नव्याने आलेला आणि पसरत जाणारा काळा-तपकिरी डाग.
– एकाच नखात उभी काळी रेघ येणे, ती रुंद होत जाणे किंवा तिचा रंग नखालगतच्या कातडीवर उतरणे.
– दोन महिने उलटूनही न भरणारी, सहज रक्त येणारी जखम.
– उपचार करूनही बरे न होणारे कुरूप किंवा नखाची बुरशी.

काही मेलानोमा काळे नसतातच. ते गुलाबी-लाल मांसासारखे दिसतात आणि साध्या जखमेत खपून जातात. दुसरीकडे, सावळ्या लोकांच्या अनेक नखांत काळ्या रेघा असणे बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. म्हणून घाबरायचे नाही आणि गृहीतही धरायचे नाही. डोळ्यांनी फक्त शंका घेता येते. निर्णय प्रयोगशाळेत होतो.

प्रयोगशाळेत काय घडते?

डॉक्टर संशयित जागेचा तुकडा किंवा शक्य असल्यास पूर्ण डाग काढतात. यालाच बायोप्सी म्हणतात. तुकडा लगेच फॉर्मालिनमध्ये टाकतात, म्हणजे पेशी सडत नाहीत. मग त्यातील पाणी काढून तो मेणात बसवतात आणि यंत्राने त्याचे साधारण ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काचपट्टीवर ठेवलेल्या या कापाला दोन रंग दिले जातात. पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसू लागतो.

आता पॅथॉलॉजिस्टचे काम सुरू होते. साध्या तिळात पेशी बहुधा शिस्तीत असतात आणि खोल जाताना लहान होत जातात. मेलानोमात त्या एकेकट्या वरच्या थरात चढतात आणि खाली घुसतात. खोलवरही त्यांचा आकार कमी होत नाही, विभाजन सुरूच असते. तरीही शंका उरली तर एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी-४५, मेलान-ए अशा चाचण्या करतात. या चाचण्यांतील प्रतिपिंडे ठरावीक प्रथिनांना चिकटतात आणि पेशी रंगपेशींच्या कुळातल्या आहेत का, हे दाखवतात.

प्रत्येक गाठ मेलानोमा नसते. बेसल सेल कार्सिनोमा सावकाश वाढतो आणि क्वचितच दूर पसरतो, पण आजूबाजूचा भाग पोखरत जातो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा भाजल्याच्या जुन्या व्रणात किंवा वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेतही उद्भवू शकतो. दिसायला भयंकर, पण पूर्ण निरुपद्रवी अशा गाठीही असतात. अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्ट सोफी स्पिट्झ यांनी १९४८ मध्ये मुलांमधील अशा गाठींचे वर्णन केले. त्या मेलानोमासारख्या दिसत, पण मुले बहुधा ठणठणीत राहत. आज त्यांतील बहुतेक गाठी निरुपद्रवी तीळ मानल्या जातात आणि स्पिट्झ यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

एका मिलिमीटरचे मोल

१९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने एक साधी गोष्ट मांडली. मेलानोमा किती पसरट आहे यापेक्षा तो किती जाड आहे, हे महत्त्वाचे. त्वचेच्या वरच्या थरापासून सर्वात खोल कर्कपेशीपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचे. आजही अहवालात ब्रेस्लो जाडी लिहिली जाते. ती १ मिलिमीटरपर्यंत असेल तर शस्त्रक्रियेत डागाभोवतीची साधारण १ सेंटिमीटर कातडी काढतात. २ मिलिमीटरच्या पुढे हे अंतर २ सेंटिमीटर होते. जाडी जास्त असेल किंवा गाठीवर व्रण पडला असेल, तर जवळच्या लसिकाग्रंथीत रोग पोहोचला आहे का, हेही तपासण्याचा विचार होतो.

म्हणूनच डाग जाळणे, त्यावर चुना किंवा आम्ल लावणे, चामखीळ समजून दोरा बांधून पाडणे किंवा ब्यूटी पार्लरमध्ये लेझर मारून घेणे धोक्याचे आहे. डाग जातो, पण त्याच्याबरोबर पुरावाही जातो. खाली उरलेला रोग वाढत राहतो आणि पहिल्यांदा तो किती खोल होता, हे पुन्हा कधीच कळत नाही.

आपल्या मातीतले संशोधन

रोगाचे मूळ माणसाच्या राहणीत शोधण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. भारतातील पॅथॉलॉजीचे जनक म्हणून ओळखले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करत. १९४५ मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी चालीरीती व सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर शोधनिबंध लिहिला. त्यात धोतर कमरेला घट्ट बांधल्याने, वर्षानुवर्षांच्या घर्षणातून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन होते. पुढे परकराच्या नाडीखाली झालेल्या अशाच कर्करोगाची नोंद महाराष्ट्रातील डॉक्टरांनी केली. पाश्चात्त्य पुस्तकांत ही उदाहरणे सापडली नसती. आपल्या रुग्णांकडे पाहिले म्हणून ती सापडली.

आजही प्रश्न तोच आहे. २००२ मध्ये अनेक मेलानोमांत बीआरएएफ या जनुकातील बदल सापडला आणि त्यावर औषधे निघाली. पण अ‍ॅक्रल मेलानोमात हा बदल तुलनेने कमी आढळतो. काही रुग्णांत केआयटी हे वेगळे जनुक बदललेले असते. गोऱ्या रुग्णांच्या गाठींवर झालेले संशोधन जसेच्या तसे आपल्याला लागू पडत नाही. ते आपल्या रुग्णांच्या नमुन्यांवरही व्हायला हवे.

लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात शिकणाऱ्या मलोन मुकवेंडे या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला हाच प्रश्न पडला होता. वर्गात दाखवलेली लक्षणे काळ्या त्वचेवर कशी दिसतील? २०२० मध्ये त्याने आपल्या दोन शिक्षकांसह तपकिरी आणि काळ्या त्वचेवरील लक्षणांची पुस्तिका काढली. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनीही हा प्रश्न वर्गात विचारावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

वस्तीत आरोग्य शिबिर घेतो तेव्हा रक्तदाब आणि साखर तपासली जाते. त्यात दोन मिनिटांची भर घाला. चप्पल काढून तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहायला सांगा. शेतात, बांधकामावर किंवा सफाईच्या कामावर राबणाऱ्या माणसाच्या पायाला इजा रोजच होते. म्हणून तो ‘लागलं असेल काहीतरी’ म्हणून सोडून देतो. मधुमेहींच्या पायाची जखम तर हमखास साखरेच्या खात्यावर टाकली जाते.

शंका आली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग आणि पॅथॉलॉजी हे दोन्ही विभाग असतात. कर्करोग निघालाच तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे, हेही घरच्यांना सांगा.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगा. शरीरातून काढलेली कोणतीही गाठ, तीळ किंवा मांस कचऱ्यात जाता कामा नये. ‘डॉक्टर, हे तपासणीला पाठवणार ना?’ एवढे विचारायला शिक्षण लागत नाही. अहवाल मागून घ्या, जपून ठेवा आणि त्यातील निदान व जाडी समजावून मागा. तो आपला हक्क आहे.

आज रात्री पाय धुताना एकदा स्वतःचे तळवे पाहा. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे पाहा. त्यांना वाकून स्वतःचे तळपाय दिसत नाहीत.