नावाचे मोल

लखनौच्या हजरतगंजात दुकानाचे मोल भिंतींवरून नव्हे, जागेवरून ठरते. इंटरनेटवरील पत्त्याचे, म्हणजे डोमेन-नावाचेही तसेच आहे. ते कायमचे विकत मिळत नाही. ठराविक मुदतीचे शुल्क भरून राखावे लागते. नाव आखूड, उच्चारास सुलभ आणि व्यवसायाचे निदर्शक असेल, तर त्यास गिऱ्हाईक लाभते. चिकनकारीचा बोध करून देणारे नाव येथील व्यापाऱ्यास हवेसे वाटेल. कोड्यासारखे नाव पडून राहील. पुनर्विक्रेत्याची बहुतेक नावे वर्षभरात विकली जात नाहीत; म्हणून विकल्या जाणाऱ्या थोड्या नावांच्या किमतीत उरलेल्यांच्या शुल्काचा भारही धरावा लागतो. किंमत उघड लिहिल्यास सौदा लवकर जुळतो. घासाघिशीत कदाचित अधिक मिळेल, पण वाट पाहावी लागते.

मात्र श्रोतेहो, परक्याच्या लौकिकावर हा व्यापार करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली 'रेडिफ'शी साम्य असलेल्या 'रॅडिफ' या नावाचा वापर रोखला. २००४ साली 'सत्यम इन्फोवे' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेन-नावास व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला. शब्द सर्वांचे असतात. लौकिक मात्र ज्याने मिळविला त्याचाच.