'जिंजर'मधला गळलेला 'स'

साताऱ्याकडच्या एका आले बागायतदार वाचकाने विचारले आहे: संस्कृतात आल्याला 'शृंगवेर' म्हणतात, मग इंग्रजी 'जिंजर' संस्कृतातूनच गेला ना?

शब्द भारतातूनच गेला, यात शंका नाही. पालीत तो 'सिंगिवेर' आहे, पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस 'झिंगिबेरिस' लिहितो. पुढे लॅटिन आणि जुन्या फ्रेंचच्या वाटेने 'जिंजर' झाला. आले हे मिरीच्या झाडाचे मूळ नव्हे, असे रोमन लेखक प्लिनीला मुद्दाम सांगावे लागले. माल रोमला पोचला होता, पण रोप कुणी पाहिले होते!

पण शृंगवेर म्हणजे 'शिंगासारखे अंग' ही फोड मागाहून बसवलेली. गड्डा सांबरशिंगासारखा दिसतो, म्हणून ती चटकन पटते. तमिळ-मल्याळममध्ये आले म्हणजे 'इंजी' आणि मूळ म्हणजे 'वेर'. मग पालीत सुरुवातीला 'स' कुठून चिकटला?

तो चिकटला नाही, तमिळमधून गळला. थॉमस बरो यांनी १९४७ साली दाखवून दिले, की द्राविडी शब्दांच्या आरंभीचा 'च' किंवा 'स' दक्षिणेतल्या भाषांत अनेकदा नाहीसा झाला. याचा पुरावा आपल्या गडचिरोलीत आजही ऐकू येतो: सहाला तमिळमध्ये 'आरु', गोंडीत 'सारुंग'. केवढी सुंदर साक्ष आहे ही! 'स' शाबूत होता तेव्हाच शब्द उत्तरेकडे गेला आणि पालीने तो जपला. हे बरो ऑक्सफर्डला संस्कृतचे प्राध्यापक होते. संस्कृतातले द्राविडी धन त्यांनी आयुष्यभर शोधले, तरी आपल्याकडे त्यांचे नाव क्वचितच निघते.

सगळी इंग्रजी संस्कृतातून निघाल्याचे निरोप मोबाइलवर फिरतात, तेव्हा मला बरोंची शिस्त आठवते. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर जायचे, तर जर्मन 'इंगवेर' तमिळमधूनच थेट आलेला वाटेल. प्रत्यक्षात तोही लॅटिनच्याच वाटेने गेला आणि पहिले व्यंजन त्याने जर्मनीत पोचल्यावर टाकले.

मराठीने मात्र यातले काहीच घेतले नाही. आपले 'आले' ओलेपणा सांगणाऱ्या 'आर्द्रक'मधून आले, आणि वाळल्यावर त्याची 'सुंठ' झाली. विल्यम रॉस्को यांनी १८०७ साली आल्याला 'झिंजिबर ऑफिसिनेल' हे शास्त्रीय नाव दिले. त्याचे कूळ 'झिंजिबरेसी', आणि सांगलीच्या पेठेत सौद्याला येणारी हळदही त्याच कुळातली.