लोगोवर अटकलेला फोन

काच फुटलेला फोन घेऊन आलेला माणूस आधी भाव विचारतो. लोगोवर अटकलेला फोन घेऊन आलेला माणूस भाव विचारतच नाही. तो काउंटरवर फोन ठेवतो आणि म्हणतो, "भाऊ, फोटो तर नाही जाणार ना जी?" वर्ध्याच्या बाजारातल्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ऐन कापसाच्या हंगामात बसलो होतो, तेव्हा हा प्रश्न सारखा कानावर येत होता. त्यामागची घालमेल समजण्यासारखी आहे. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर आली. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, सातबारा त्यातच असतो, आणि नातवाच्या बारशाचे फोटो तर दुसरीकडे कुठेच नसतात.

दुकानातला कारागीर पंचविशीचा. फोन हातात आला की तो लगेच कॉम्प्युटरला लावत नाही. आधी विचारतो: पाण्यात पडला होता का, अपडेट आलं होतं का, 'मेमरी फुल' दाखवत होता का. मग बटण दाबतो, फोन रबरी चटईवर ठेवतो आणि नुसता पडद्याकडे पाहत राहतो. पाहणाऱ्याला वाटेल हा वेळ काढतोय. खरं निदान इथेच होतं.

फोन सुरू होताना दिसणारी चित्रं म्हणजे शोभेच्या पाट्या नव्हेत. पहिलं, हलत नाही ते कंपनीचं नाव बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, दाखवतो. ते चित्र मेमरीच्या एका वेगळ्या, छोट्या कप्प्यात असतं. मीडियाटेकच्या फोनमध्ये त्या कप्प्याचं नावच 'लोगो', क्वालकॉमच्या बऱ्याच फोनमध्ये 'स्प्लॅश'. तेव्हा अँड्रॉइड अजून जागंही झालेलं नसतं. त्यानंतरचं हलतं चित्र सुरू झालं, की समजायचं सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, चढला, पडद्याचं काम पाहणारी यंत्रणा उभी राहिली आणि मागे बाकीच्या सेवा एकेक करून सुरू होत आहेत. नागपूरहून निघालेली गाडी सिंदीला थांबली की सेवाग्रामला, यावरून बिघाड कुठे शोधायचा ते ठरतं; तसंच हे. स्थिर लोगोवरच गोठला तर मेमरी, प्रोसेसर किंवा बूटचा भाग संशयाच्या फेऱ्यात. हलतं चित्र तासभर फिरत राहिलं तर यंत्र बहुधा ठीक, सिस्टीम पुढे सरकत नाही. आणि लोगो येतो, जातो, पुन्हा येतो, असं चाललं असेल तर आधी बॅटरी आणि बटण.

असाच एक फोन देवळीकडच्या शेतकऱ्याचा होता. लोगो यायचा, कंप व्हायचा, पडदा काळा, पुन्हा लोगो. आधीच्या एका दुकानाने "सॉफ्टवेअर मारावं लागते" असं सांगून टाकलं होतं. कारागिराने मागचं झाकण गरम करून उचललं, बॅटरीची जोडणी काढली आणि फोनला बाहेरून, चार व्होल्टच्या आसपास, सप्लाय दिला. कुणी बटणाला हात लावलेला नसताना मीटरवरचा आकडा चढला. म्हणजे बटण आतून दाबलेलंच होतं. त्याने पॉवर बटणाची पट्टी सोडवली, चिमट्याच्या टोकाने बोर्डावरचे दोन बिंदू क्षणभर जोडले आणि हात काढला. लोगो आला, मग हलतं चित्र, मग लॉकस्क्रीनवर बैलजोडी. बटणाच्या फटीत काळ्या मातीचा भुगा बसला होता. ब्रश, थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), नवी पट्टी, झालं. शेतकऱ्याने सगळ्यात आधी गॅलरी उघडून पाहिली.

दुसरा फोन सॅमसंगचा, मेमरी काठोकाठ भरलेली, अपडेटनंतर हलत्या चित्रावर फिरत राहिलेला. कारागिराने रिकव्हरीत जाऊन कॅशे पुसली. याने फोटो जात नाहीत. उपयोग झाला नाही. मग त्याच आवृत्तीचं फर्मवेअर उतरवलं. सॅमसंगच्या फर्मवेअरमध्ये सीएससीच्या (देशानुसारच्या सेटिंगच्या) दोन फाइली असतात. साधी सीएससी निवडली तर फोन कोरा होतो, 'होम सीएससी' निवडली तर माहिती राहते. एका क्लिकचा फरक. फाइल निवडताना त्याने तिचं नाव पडद्यावर बोट ठेवून वाचलं. हे बोट ठेवून वाचणं मला या धंद्यातलं सगळ्यात मोठं कौशल्य वाटतं. कारण अँड्रॉइड १० पासून बाजारात आलेल्या प्रत्येक फोनमध्ये साठवण एन्क्रिप्ट असते. मेमरीची चिप काढून दुसरीकडे लावली तरी फोटो वाचता येत नाहीत. फोटो हवे असतील तर तोच फोन, त्याच पिनने, उघडावाच लागतो.

या कारागिराच्या स्वतःच्या जुन्या फोनवर सुरू होताना पोळ्याला सजवलेले बैल चालत येतात. ते कसं केलं, ते त्याने उघडून दाखवलं. एका झिपमध्ये चित्रांचे फोल्डर आणि एक छोटी मजकूर फाइल. पहिल्या ओळीत रुंदी, उंची आणि सेकंदाला किती चित्रं. पुढच्या ओळींत कोणता फोल्डर किती वेळा फिरवायचा. शून्य लिहिलं तर फोन पूर्ण उघडेपर्यंत तो फिरत राहतो. झिप मात्र दाबून लहान करायची नाही, नाहीतर बैल दिसतच नाहीत. काम देखणं आहे, आणि जुन्या, सुट्या फोनवर शिकायला उत्तम.

रोजच्या फोनवर मात्र हा हट्ट नको. त्यासाठी बूटलोडरचं कुलूप उघडावं लागतं आणि उघडताना फोन पूर्ण पुसला जातो. पुढे दर वेळी सुरू होताना इशाऱ्याची पाटी येते, काही बँकांची अ‍ॅप चालायला नकार देतात. साध्या चित्रानेही घात होऊ शकतो. गौरव अग्रवाल या छायाचित्रकाराने अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये टिपलेला तलावाचा फोटो २०२० मध्ये वॉलपेपर म्हणून लावताच अँड्रॉइड १० चे काही फोन पुन्हा पुन्हा बंद पडू लागले. फोटोतली रंगांची नोंद अशी होती की हिशेबात २५५ च्या वरचा आकडा यायचा आणि पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम कोसळायचा. फोटो काढणाऱ्याची त्यात काहीच चूक नव्हती.

पडदा न पाहता "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणणाऱ्या दुकानात फोन देऊ नका. फ्लॅश करताना सगळंच फॉरमॅट करणारा पर्याय दाबला गेला, तर फोटोंबरोबर आयएमईआयही जाऊ शकतो आणि मग नेटवर्कच येत नाही. घाबरून स्वतः फॅक्टरी रीसेटही करू नका. त्यानंतर फोन जुन्या गुगल खात्याचा पासवर्ड मागतो आणि तो बहुतेकांना आठवत नाही. फोन देताना एकच वाक्य ठामपणे सांगा: "फोटो पाहिजेत, पुसायच्या आधी मला विचारा." आणि आज फोन चालू आहे, तर आजच फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा.