यंत्र होते, मग बाळाला का लावले नाही?



हुमणीच्या बंदोबस्ताविषयी बोलण्यासाठी एका गावी गेलो होतो. चर्चा आटोपली, मंडळी पांगली, पण एक वृद्ध शेतकरी मागे रेंगाळले. म्हणाले, "साहेब, किडीचं नाही, दुसरंच विचारायचंय." त्यांचा नातू सातव्या महिन्यातच जन्मला आणि शहरातल्या दवाखान्यात पाचव्या दिवशी गेला. पुढे त्यांच्या वाचनात आले की, हृदय आणि फुप्फुस या दोहोंचे काम करणारे एक यंत्र असते आणि त्यावर ठेवून तान्ही बाळे वाचवतात. "मग आमच्या पोराला का नाही लावलं? गरीब म्हणून? दोन एकर विकून पैसा उभा केला असता मी."

मी पडलो शेतकी पदवीधर. उत्तर ठाऊक नव्हते, तसे सांगितले आणि विचारून कळवतो म्हणालो. परिचयातल्या एका बालरोगतज्ज्ञाकडे दोन संध्याकाळी बसलो, थोडे वाचले. तुमच्यापैकी कुणाच्या घरीही हा प्रश्न सलत असेल, म्हणून जे समजले ते येथे मांडतो.

या यंत्राला डॉक्टर 'एक्मो' म्हणतात. बाळाच्या मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून काळपट रक्त बाहेर काढायचे, कृत्रिम फुप्फुसातून फिरवून त्यात प्राणवायू मिसळायचा आणि ते लाल झालेले रक्त पंपाने पुन्हा अंगात सोडायचे, असे त्याचे काम. मधल्या काळात बाळाच्या फुप्फुसांना विसावा मिळतो. आजार यंत्र बरा करीत नाही, बरे होण्यास फक्त अवधी देते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९७५ साली डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला या यंत्रावर ठेवले. पोटात असतानाच केलेली शी श्वासाबरोबर तिच्या फुप्फुसात गेली होती. आई मेक्सिकोहून आलेली, ती मुलीला तेथेच सोडून गेलेली. परिचारिकांनी मुलीचे नाव ठेवले एस्पेरान्झा, म्हणजे त्या भाषेत आशा. मुलगी वाचली.

आता अडचण कोठे आहे ते पाहू. रक्त शरीराबाहेर आले की गोठते. कापलेल्या बोटावर आपण तेच पाहतो आणि ते गोठते म्हणूनच आपण जगतो. पण यंत्राच्या नळीत एक गाठ धरली तर यंत्र तुंबते, किंवा ती गाठ वाहत मेंदूत जाऊन अडकते. म्हणून रक्त गोठू नये यासाठी हेपॅरिन नावाचे औषध सतत द्यावे लागते. या औषधाचा उगम मोठा गमतीचा आहे. १९१६ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि हाती आला नेमका उलट गुणाचा. कुत्र्याच्या यकृतातून तो निघाला, म्हणून यकृताच्या ग्रीक नावावरून त्याचे नाव पडले. आज हे औषध मुख्यत्वे डुकराच्या आतड्यांपासून काढतात. वराहपालनाला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे!

परंतु औषध काही नळीपुरते राहत नाही, ते बाळाच्या सर्वांगात फिरते. गाठी धरण्यास मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक कणिकाही नळ्यांना चिकटून कमी होत जातात. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम पाव लिटर. यंत्राच्या नळ्या भरण्यासाठी रक्तपेढीचे रक्त लागते. अशा स्थितीत मेंदूतली एखादी केसासारखी नाजूक वाहिनी फुटली, तर तिला बांध घालणारे कोणी उरत नाही. काही वेळा मेंदूकडे जाणारी मानेची उजवी धमनीच नळीसाठी वापरावी लागते, त्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा बदलतो. त्यात यंत्रावर येण्यापूर्वी बाळ कित्येक तास प्राणवायूवाचून तळमळलेले असते, त्या वाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात. दिवस भरलेल्या बाळांतही, यंत्रावर असताना मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाण दहांत एकाच्या आसपास आहे.

म्हणून डॉक्टरांना अखंड पहारा ठेवावा लागतो. थोड्या थोड्या वेळाने थेंबभर रक्त घेऊन ते किती सेकंदांत गोठते हे पाहायचे आणि औषध कमीजास्त करायचे. मेंदू आतून पाहायचा तो टाळूतून. होय, आपल्या आजीबाई तेल घालून जी टाळू भरतात, तीच. तेथे हाड जुळलेले नसते, म्हणून त्या मऊ जागेवर सोनोग्राफीचे उपकरण टेकवले की आतील चित्र दिसते. रक्त उतरल्याचे दिसले तर हेपॅरिन कमी करायचे, कणिका द्यायच्या, नाहीतर यंत्रच काढायचे. यंत्र काढावे तर श्वास नाही आणि ठेवावे तर रक्तस्राव वाढतो. अशा वेळी डॉक्टर आईबापांना बोलावून विचारतात, तेव्हा त्यांच्या मनाची काय अवस्था होत असेल ते तुम्हीच ताडा.

एवढा धोका पत्करून फायदा होतो का? ब्रिटनमध्ये १९९३ ते १९९५ या काळात याची रीतसर परीक्षा झाली. अगदी आपल्या पीकचाचणीसारखी, चिठ्ठी टाकून दोन गट पाडलेली. यंत्राच्या गटातील ९३ बाळांपैकी ३० दगावली, नेहमीच्या उपचाराच्या गटातील ९२ पैकी ५४. फरक मोठा आहे. पण त्या परीक्षेत बाळे कोणती घेतली होती? किमान पस्तीस आठवडे पोटात राहिलेली आणि दोन किलो किंवा अधिक वजनाची.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पूर्ण गर्भकाळ चाळीस आठवड्यांचा. मेंदूच्या आत, पाण्याच्या पोकळ्यांच्या काठाशी, नव्या पेशी तयार होण्याची एक जागा असते. तिच्यातल्या रक्तवाहिन्या अतिशय पातळ भिंतीच्या असतात आणि साधारण बत्तीस-चौतीस आठवड्यांनंतर ती जागा आपोआप विरून जाते. गादीवाफ्यावरच्या कोवळ्या रोपांना आपण झारीने पाणी घालतो, पाटाचे पाणी सोडत नाही. सुरुवातीच्या वर्षांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही यंत्र लावून पाहिले गेले, आणि त्यांच्या मेंदूत रक्तस्राव फार होतो असे आढळले. तेव्हापासून चौतीस आठवड्यांच्या आतील वा दोन किलोहून हलक्या बाळाला हे यंत्र सहसा लावत नाहीत. श्रीमंताच्या बाळालाही नाही.

मग अशा बाळांसाठी काय आहे? येथे मेंढ्या कामी आल्या. न्यूझीलंडमधील डॉ. लिगिन्स मेंढ्यांची वीण कशाने सुरू होते याचा अभ्यास करीत होते. पोटात असतानाच स्टिरॉइड औषध दिलेली कोकरे फार अगोदर जन्मली तरी श्वास घेतात, असे त्यांना आढळले. १९७२ साली त्यांनी व डॉ. हॉवी यांनी गर्भवती स्त्रियांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रसूतीपूर्वी आईला त्या औषधाची इंजेक्शने दिली तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, आणि मेंदूतील रक्तस्रावही कमी होतो हे पुढे सिद्ध झाले. औषध स्वस्त आहे. पण गुण यायला काही तास, शक्यतो एक दिवस मिळावा लागतो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात पोट दुखू लागले किंवा पाणी गेले, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

हे शेवटचे मी त्या आजोबांजवळ बोललो नाही. त्या रात्री त्यांच्या घरी काय घडले, किती उशीर झाला की झालाच नाही, हे मी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही.

यंत्राचे मात्र सगळे सांगितले. ते ऐकत बसले. मग म्हणाले, "म्हणजे जमीन विकली असती तरी?"

"तरीही नाही," मी म्हणालो.

थोडा वेळ गेला. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "ते किती आठवडे म्हणालात, ते तेवढं कागदावर लिहून द्या. सून वाचते."