खुब्याचं ऑपरेशन: थांबायचं किती?

न्हाणीघरात घसरून आजीचा खुबा मोडला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "ऐंशीच्या पुढचं वय, आधी अंगात जरा ताकद येऊ द्या, मग ऑपरेशनचं बघू."

पण खाटेवर पडून राहिल्याने आहे ती ताकदही ओसरत जाते. मोडक्या पायाने कूस बदलता येत नाही. मग छातीत कफ साचून न्यूमोनिया, पाठीला जखमा, शिरेत रक्ताची गुठळी, रात्रीचं बरळणं असं एकेक मागे लागतं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०११ सालीच सांगितलंय: दाखल झाल्याच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करा. तोवर पायाला वजन लावलं की आराम पडतो, हाही समजच. चाचण्यांत त्याचा फायदा दिसलेला नाही. जांघेजवळची नस बधिर करणाऱ्या इंजेक्शनने दुखणं खरोखर कमी होतं.

मग जेवढी घाई तेवढी जगण्याची खात्री? तसंही नाही. २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये 'हिप अटॅक' ही चाचणी प्रसिद्ध झाली. भारतासह १७ देशांतले २९७० रुग्ण तीत होते. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत झालं, दुसऱ्याचं २४ तासांत. तीन महिन्यांत दगावलेल्यांचं प्रमाण ९ आणि १० टक्के. फरक नाही म्हणावा इतका. घाईच्या गटात भ्रम कमी झाला आणि माणसं लवकर उभी राहिली, एवढं खरं. तेव्हा पहाटे तीनला थिएटर उघडा म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालू नये. चौथ्या-पाचव्या दिवसाची तारीख मिळाली तर जरूर घालावी.

"हार्ट वीक आहे, फिटनेस मिळत नाही," हे नेहमीचं कारण. रक्त फार उतरलंय, सोडियम-पोटॅशियम बिघडलंय, साखर बेताल आहे, छातीत संसर्ग आहे, तर तेवढं सुधारेपर्यंत थांबणं रास्त. जुना, स्थिर हृदयविकार मात्र आठवडाभराने काही बरा होत नाही. नुसत्या हृदयाच्या एको तपासणीतल्या आकड्यासाठी ऑपरेशन अडवणं मला तरी पटत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना सरसकट एकच नियम नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसाठी सहसा थांबत नाहीत. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर मणक्यातली भूल टाळून पूर्ण भूल देतात, इतकंच. वॉरफरिनचा असर व्हिटॅमिन के देऊन उतरवता येतो. अपिक्साबान, रिव्हरॉक्साबानला मूत्रपिंडाचं काम पाहून एखाद-दोन दिवस द्यावे लागतात. म्हणून दाखल करतानाच गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली तेही सांगावं.